हात वर गेला, म्हणजे नेमके काय झाले?

कथक शिकणाऱ्या मुलीची वही उघडून पाहावी. वर तालाचे नाव, खाली सोळा मात्रांचे चार खंड, समेला फुली, खालीला शून्य, आणि मात्रांच्या घरांत नीट बसवलेले बोल: तिगदा दिगदिग थेई. भातखंड्यांनी गाण्यासाठी रूढ केलेल्या खुणाच इथे नाचाच्या कामी आल्या आहेत. वही समोर ठेवून ती मुलगी हातावर ताल धरते आणि तुकड्याची पढंत, म्हणजे बोलांचे तालात म्हणणे, बिनचूक करते. पण ज्याने तो तुकडा कधी पाहिलेला नाही, त्याला या वहीतून नाच मिळणार नाही. ‘थेई’ला उजवा हात खांद्यावरून जातो की छातीसमोरून, नजर हाताच्या आधी वळते की मागाहून, याविषयी वही काहीच सांगत नाही. हालचाल निघण्याची ही रीत, म्हणजे निकास, गुरूच्या अंगात असतो आणि पाहून पाहून शिष्याच्या अंगात उतरतो. वहीत काळ लिहिलेला आहे, देह लिहिलेला नाही. गाण्याची स्वरलिपी झाली तशी नाचाची लिपी आपल्याकडे रुळली नाही, ती केवळ कुणी मनावर घेतले नाही म्हणून, की देहाची हालचाल ही मुळातच लिहिण्याजोगी वस्तू नाही म्हणून? याचे उत्तर शोधायचे तर आधी एक साधा दिसणारा प्रश्न सोडवावा लागतो: हात वर गेला, म्हणजे नेमके काय झाले?

या प्रश्नावर आपल्या दर्शनांनी मोठा वाद घातला आहे. वैशेषिकांनी जगातील पदार्थांची यादी केली तेव्हा द्रव्य आणि गुण यांच्या जोडीला कर्म, म्हणजे हालचाल, हा स्वतंत्र पदार्थ मानला. त्याचे पाच प्रकार सांगितले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर नेणे, खाली नेणे, आखडणे, पसरणे, जाणे. नृत्याच्या वर्गातल्या सूचना वाटाव्यात इतकी ही यादी देहाच्या जवळची आहे. हालचाल झाली की आधीच्या जागेशी असलेला संयोग तुटतो, पुढच्या जागेशी नवा संयोग होतो आणि तिथे ते कर्म संपते, अशी त्यांची मांडणी. क्षणिकवादी बौद्धांना हे मान्य नव्हते. प्रत्येक वस्तू उपजते त्याच क्षणी नष्ट होते, मग जायला उरते कोण? इथला हात इथेच संपला, शेजारी दुसरा उपजला; दिव्याची ज्योत एकच वाटते तसा आपल्याला एकच हात हलताना वाटतो. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात तर हा वाद थेट हावभावापर्यंत येतो. देहाने आपण समोरच्याला जे कळवतो, ते आकृतीने कळवतो की गतीने? बौद्धांतलेच सर्वास्तिवादी म्हणतात आकृतीने, वात्सीपुत्रीय म्हणतात गतीने, आणि वसुबंधू गतीचा पक्ष खोडून काढतो. नाच लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला, त्याने ही नावे ऐकलेली असोत वा नसोत, या वादात एक बाजू घ्यावीच लागते. कागदावर काय उमटवायचे, ठिकाणांची रांग की जाणे?

नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे सांगितली आहेत. पहिलेच घ्या, तलपुष्पपुट. डाव्या बाजूला पुष्पपुट हस्त, म्हणजे ओंजळीत फुले घेतल्यासारखे जोडलेले हात. पाय अग्रतलसंचर, टाच उचललेली. आणि कूस किंचित झुकलेली. एका श्लोकात मावणारे वर्णन. हात तिथे कोणत्या वाटेने आले आणि तिथून कुठे गेले, हे मात्र श्लोक सांगत नाही. भरताची करणाची व्याख्या हात आणि पाय यांच्या एकत्र क्रियेची आहे, तरी वर्णन वाचताना डोळ्यांपुढे उभी राहते ती मूर्ती. चिदंबरमच्या गोपुरांत करणे कोरली आहेत आणि त्यांच्याजवळ नाट्यशास्त्रातले श्लोकही कोरले आहेत. लिपी आणि देह असे शेजारी ठेवल्याचे उदाहरण विरळाच. पण दगडाला क्षणच पकडता येतो. त्यामुळे करण म्हणजे एक पवित्रा, अशी समजूत पुष्कळ काळ टिकली. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी ग्रंथ आणि शिल्पे एकत्र अभ्यासून करण हा पवित्रा नसून संपूर्ण हालचाल आहे असे मांडले आणि ती नाचून दाखवली. साताऱ्याच्या नटराज मंदिरासाठी करणांची शिल्पे त्यांनीच आखली. त्यांचे म्हणणे मला पटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे असा वाद होऊ शकला. श्लोक होता, म्हणून शिल्पाचा चुकीचा अर्थ दाखवून देता आला.

युरोपात १७०० साली फ्योइये याने प्रसिद्ध केलेल्या लिपीत पावलांनी जमिनीवर काढलेली वाट आखलेली असे; हातांना तिथे फारशी जागा नव्हती. खरा पालट १९२८ मध्ये झाला, रुडॉल्फ लाबान याच्या लिपीने. ही लिपी खालून वर वाचायची. मधली उभी रेघ म्हणजे देहाचा मध्य; डावीकडचे रकाने डाव्या अंगाचे, उजवीकडचे उजव्या. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, आतले भरण पातळी: तिरप्या रेघा असतील तर वर, टिंब असेल तर मध्ये, काळे असेल तर खाली. आणि चिन्हाची लांबी म्हणजे काळ. तेच चिन्ह दुप्पट लांब काढले की हात त्याच जागी दुप्पट सावकाश पोचतो. लाबानचे चिन्ह ‘हात इथे आहे’ असे म्हणत नाही, ‘हात इथे चालला आहे, आणि त्याला एवढा वेळ आहे’ असे म्हणते. वैशेषिकांचे कर्म कागदावर उमटले तर ते असेच दिसेल. बौद्ध अर्थातच विचारतील की ती लांबी म्हणजे तरी क्षणांची माळच ना? असेल. पण त्या माळेत पोचायचा मणी कोणता आणि वाटेतला कोणता, हे नुसत्या माळेवरून कळत नाही, आणि नाच या फरकावरच उभा आहे. समेवर येणारा हात आणि समेवरून ओघात जाणारा हात एका क्षणी एकाच जागी असू शकतात, तरी ते दोन वेगळे नाच आहेत. निघण्यापासून पोचण्यापर्यंतची ही एकसंधता हाताची नव्हे, चेतनेची, म्हणजे हेतूची आहे, असे उत्तर बौद्ध देतील, कारण त्यांच्या मते कर्म म्हणजे चेतनाच. त्या उत्तराशी माझे भांडण नाही. नृत्याच्या लिपीने लिहायचे असते ते हेच: कुठे जायचे ठरले आहे.

इथे हमखास येणारा आक्षेप कॅमेऱ्याचा. प्रत्येकाच्या खिशात चित्रीकरणाचे यंत्र असताना लिपीची उठाठेव कशाला? चित्रीकरण अनमोल आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण सेकंदाला चोवीस चित्रे घेणाऱ्या फिल्मला प्रत्येक चित्र सारखेच. ती वसुबंधूच्या बाजूची साक्षीदार आहे. त्या दिवशी नर्तकीचा गुडघा दुखत होता म्हणून ती कमी बसली, की रचनाच तेवढे बसण्याची आहे? फिल्म दोन्ही एकत्र देते आणि निवड पाहणाऱ्यावर सोडते. लिहिणाऱ्याला मात्र निवड करावीच लागते. काय ठेवायचे आणि काय त्या व्यक्तीचे म्हणून सोडायचे हे ठरवल्याशिवाय चिन्ह काढता येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. नृत्यरचनेला तो नाट्यकृतीत धरतो, पण ती लिहून किंवा अन्य रीतीने पक्की केलेली हवी, आणि त्या व्याख्येतून चित्रपट त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नाच जिवंत राहतो तो देहातून देहात. कागदावर आला की थिजतो. याच्यासमोर मी नर्तक निजिन्स्कीचे उदाहरण ठेवीन. १९१२ मध्ये पॅरिसला त्याने द्यब्युसीच्या संगीतावर वनदेवाचे छोटेसे बॅले बसवले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा रशियन म्हणून तो बुडापेस्टमध्ये अडकला, आणि तिथे १९१५ मध्ये त्याने ती रचना स्वतःच्या हाताने लिहून काढली. स्टेपानोव्ह या रशियन नर्तकाच्या लिपीत त्याने आपले फेरफार केले होते, त्यामुळे ते हस्तलिखित कुणालाच वाचता येईना. बॅले चालू राहिले ते नर्तकांच्या आठवणीवर. १९८०च्या दशकात ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लॉडिया येश्के यांनी ती लिपी उलगडली. किल्ली कुठे सापडली, तर निजिन्स्कीने त्याच लिपीत फ्लॉरेन्सच्या देला रोब्बियाच्या शिल्पांतले पवित्रे उतरवून ठेवले होते. शिल्पे समोर होती, त्यांवरून चिन्हांचा अर्थ लागला. मग दिसले की आठवणीवर चालत आलेला नाच आणि रचनाकाराने लिहिलेला नाच यांत बरेच अंतर पडले आहे. यात त्या नर्तकांचा अप्रामाणिकपणा नव्हता. देहाने प्रेमाने जपलेली गोष्ट देहाच्या सवयींनी बदलत जाते, आणि ती बदलली हे त्याच देहाला कळत नाही.

आपली परंपरा मौखिक आहे, तिला हे लागू नाही, असे म्हणणाऱ्यांनी वेदपाठाकडे पाहावे. केवळ कानावर विसंबून राहणाऱ्या त्या परंपरेनेच पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले. शब्द सुटे करून, पुढेमागे फिरवून म्हणायचे, म्हणजे एका पाठातली चूक दुसऱ्यात उघडी पडते. कागद नव्हता, पण म्हणणाऱ्याच्या आवडीनिवडीबाहेरची पडताळणी होती. नृत्यात बोलांना पढंतीने अशी पडताळणी मिळाली. देहाला मिळाली नाही. भाव लिहिता येत नाही, हे खरेच आहे. यमनच्या स्वरलिपीतही यमनचा भाव लिहिलेला नसतो. म्हणून भातखंड्यांनी चिजा लिहिल्या नसत्या तर आज त्यांतल्या किती आपल्याजवळ असत्या?

लाबानची लिपी शिकायला वर्षे लागतात, आणि गतनिकासातला लोच तिच्या चिन्हांत कितपत मावेल याचा प्रयत्न कथकच्याच माणसांनी करून पाहायला हवा. तोवर वही आहेच. ज्यांच्या गुरू आज साठी-सत्तरीच्या आहेत, त्यांनी बोलांच्या ओळीखाली आणखी एक ओळ मोकळी सोडावी आणि गुरूंना विचारून, साध्या मराठीत का होईना, तिथे लिहावे: हात कुठून निघाला, कुठे पोचायचा आहे, आणि किती मात्रांत.