जुन्या हिमालयनला काय लावावं, काय राहू द्यावं

चि. भाचेबुवांस,


तू पाठवलेली यादी वाचली. 2018 ची हिमालयन मोटरसायकल, 411 सीसी, इंजेक्शन आणि एबीएस असलेली, कागदपत्रं सरळ. घेतलीस ते उत्तम केलंस. यादी मात्र उलटी झाली आहे. सगळ्यात वर सायलेन्सर, मग बोअर किट, चार जादा दिवे, ॲल्युमिनियमच्या पेट्या, आणि तळाशी नुसतं 'सर्व्हिसिंग'. पुढच्या उन्हाळ्यात स्पीतीला जायचं असेल, तर ती खालून वर वाच.

ही गाडी 2016 साली आली ती साडेचोवीस अश्वशक्ती घेऊन. हमरस्त्यावर शंभराच्या पुढे तिला धाप लागते, हे तुला एव्हाना कळलंच असेल. पण तिचा 32 न्यूटन-मीटरचा जोर चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळतो, म्हणून सामान लादूनही दुसऱ्या गिअरवर ती दगडगोट्यांतून निमूट चढते. पुढचं 21 इंची चाक, 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, पुढे 200 आणि मागे 180 मिलिमीटरचा सस्पेन्शन ट्रॅव्हल, हे सगळं वाईट रस्त्यावर सावकाश पण खात्रीने जाण्यासाठी आहे. या जमलेल्या संसारात तू नवी वस्तू आणलीस की जुन्यातलं काहीतरी वजा होतं. कधी वजन वाढतं, कधी बॅटरीवर भार येतो, कधी हँडल जड होतं, कधी विमा अडतो. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे 'कशाच्या बदल्यात?' एवढं लिही. उत्तर सुचलं नाही, तर ती वस्तू घेऊ नकोस.

आधी गाडीने वयाबरोबर जे गमावलंय ते तिला परत दे. गाडी मेन स्टँडवर लाव, कुणाला तरी मागचं कॅरिअर दाबून धरायला सांग, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. आता दोन बोटांनी हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. नेमकं मधोमध, सरळ रेषेत येताना बारीक खटका लागला, तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. सरळ रस्त्यावर गाडी उगाच डुलते ती बहुधा यामुळेच, आणि लोक टायरला बोल लावतात. मग चाकाचा एकेक आरा पान्याने टिचकी मारून ऐक. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. मागच्या शॉकअपची लिंकेज आणि स्विंगआर्मचे बेअरिंग खोलून ग्रीस भरून घे. आपल्या कोकणातल्या पावसात राहिलेल्या गाडीत तिथे हमखास गंज सापडतो. फोर्क ऑइल, ब्रेक ऑइल, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट तपास. एवढं झालं की अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतील, आणि उरलेल्या कुठल्या ते स्पष्ट दिसेल.

ब्रेकवर खर्च कर. जुना रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो आणि लिव्हर पिळपिळीत लागते. स्टीलची जाळी असलेले पाइप लावले की पुढच्या 300 मिलिमीटरच्या डिस्कवर पकड नेमकी येते. मोबदल्यात फक्त पैसे जातात, म्हणून हा बदल मला पसंत आहे. पाइप एबीएसला चालणारेच घे, आणि काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घे, कारण एबीएसच्या यंत्रणेत हवा अडकली तर ती काढणं सोपं नसतं.

मागचा शॉकअप बदलण्याआधी मोजून बघ. मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घे. मग पूर्ण पोशाखात, सामानासकट बसून तेच अंतर पुन्हा घे. 180 पैकी साधारण 55 ते 60 मिलिमीटर गाडी बसली तर ठीक. जास्त बसली तर प्रीलोड वाढव. प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेऊनही ती बसतच राहिली, तरच तुझ्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे, आणि तेव्हाच नवी घे.

हँडल वर उचलणारे रायझर लावायचे असतील तर जरूर लाव. उभं राहून चालवताना कंबर वाचते. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव. एका टोकाला आरपीएम आपसूक वाढलं, किंवा ब्रेकचा पाइप ताणला गेला, तर रायझर उंच झाले.

आता सामान. गाडीचंच वजन दोनशे किलोच्या आसपास आहे. पेट्या, त्यांची लोखंडी चौकट आणि आतलं सामान सगळं मागच्या बाजूला टांगलंस की पुढचं चाक हलकं पडतं, आणि रेतीत नेमकं तेच नको असतं. कापडी बॅगा घे. गाडी आडवी झाली तर त्या पायाला तरी चेचत नाहीत. जादा पेट्रोलचे मोठे कॅनही नकोत. मनाली–लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. तुझी टाकी 15 लिटरची. चढावर लिटरला सत्तावीस धरलं तरी चारशे किलोमीटर होतात. तू तर मनालीहून स्पीतीतल्या काझाला जाणार, ते दोनशेच्या आसपास. काझात पंप आहे.

दिव्यांचा हिशेब वॅटमध्ये कर. हेडलाइटच 55-60 वॅट खातो, त्यावर इंजेक्शनचा पंप, विजेवर गरम होणारं जाकीट, मोबाइलचा चार्जर. वीज बनवणारी कॉइल काही अमर्याद नाही. घाटात हळू चालताना चारही दिवे चालू राहिले, तर सकाळी सेल्फ लागणार नाही. दोन दिवे पुरेत, तेही रिले आणि फ्यूज लावून, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे खाली वळवून.

टायरचं माप सोडू नकोस, पुढे 90/90-21, मागे 120/90-17. मोठ्या खाचांचे टायर काझाच्या वाटेवर ग्रांफू ते बातलच्या दगडांत छान वाटतील, पण पावसाळ्यात वरंध घाटाच्या ओल्या डांबरावर तेच पकड सोडतात. तुझं वर्षातलं फिरणं जिथे जास्त, तिथला टायर घे. तुझ्या मॉडेलला मागचा एबीएस बंद करायचं बटण नाही, ते 2020 च्या बीएस-6 गाडीत आलं. खडीच्या उतारावर एबीएसमुळे थांबायला अंतर जास्त लागतं, हे खरं. त्यासाठी वायर कापून बटण बसवू नकोस. उतारावर आधीच वेग कमी ठेव.

सायलेन्सर आणि बोअर किट यादीतून काढ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ते ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. इंजिनाची सीसी आरसीवर छापलेली असते. ती बदललीस तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळेल. आणि मोठ्या बोअरची उष्णता निववायला तेच ऑइल आणि तीच हवा असणार. विरळ हवेत कुठलंही इंजिन थोडं मंदावतंच, तिथे चार अश्वशक्ती जास्त असूनही तू फार लवकर पोहोचणार नाहीस.

बोअर किटचे पैसे टायर लिव्हर, पंप, दोन जादा ट्यूब, क्लचची केबल आणि चांगल्या पान्यांवर घाल. तुझ्या टायरमध्ये ट्यूब आहे, म्हणजे पंक्चर झालं की चाक उतरवणं आलंच. घरच्या अंगणात मागचं चाक काढ, ट्यूब बदल, चिमटा न बसू देता टायर चढव, चेनचा ताण आणि चाकाची रेष दोन्ही बाजूंच्या खुणांवर जुळव. मग पूर्ण सामान लादून एक दिवस ताम्हिणी घाटात फिरून ये, आणि आल्यावर प्रत्येक नट पान्याने तपास; जे सैल झालं असेल त्याला थ्रेडलॉक लाव. हे कुणाच्या मदतीशिवाय जमलं की रजेचा अर्ज दे.

तुझा,
मामा