सुधारलेला आंकडा

खोटें बोलूं नये हें मुलांना आपण सारेच शिकवितों. पण खोटें लिहूं नये हें शिकविण्याचा प्रसंग आला म्हणजे आपली जीभ अडखळते. शाळांतून विज्ञानस्पर्धांचे दिवस सुरू झाले कीं आम्हांस या गोष्टीची हटकून आठवण होते.

या स्पर्धांविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवतों. मुंबईच्या विज्ञानशिक्षकांच्या संघटनेनें १९८१ सालीं डॉ. होमी भाभा यांच्या नांवानें बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावीच्या व नववीच्या मुलांसाठीं असलेल्या या स्पर्धेंत नुसत्या लेखी परीक्षेवर भागत नाहीं. पुढच्या पायऱ्यांवर स्वतःच्या हातांनीं प्रयोग करावा लागतो, एक प्रकल्प तडीस न्यावा लागतो आणि परीक्षकांसमोर बसून त्याविषयीं बोलावें लागतें. घोकंपट्टीवर गुण मिळविण्याची संवय जडलेल्या आपल्या समाजांत अकरा वर्षांच्या मुलाला कोणी ‘तूं काय पाहिलेंस?’ असें विचारावें, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या प्रश्नाचें उत्तर त्या मुलानेंच दिलें पाहिजे. आणि येथेंच ग्यानबाची मेख आहे.

आमच्या एका स्नेह्यांची मुलगी सहावींत होती. एका स्पर्धेसाठीं तिनें माठाचा प्रयोग घेतला. मातीच्या माठांतलें पाणी स्टीलच्या पातेल्यांतल्या पाण्यापेक्षां किती अंशांनीं थंड होतें, हें ती रोज दुपारीं तापमापकानें पाहून वहींत टिपून ठेवी. दिवस श्रावणाचे आणि घर मुंबईचें. फरक कधीं एक अंश पडे, कधीं तेवढाहि नाहीं. वही द्यावयाच्या आदल्या रात्रीं वडिलांनीं ती चाळली. ‘असें कसें होईल? माठांत पाणी गार होतें हें पुस्तकांत आहे. तुझ्या पाहण्यांतच चूक झाली असेल,’ असें म्हणून त्यांनीं रबर घेतलें आणि एकाचे पांच केले. मुलीनें एकदांच विचारलें, ‘पण बाबा, मला तर एकच दिसला होता.’ त्यावर आई म्हणाली, ‘अग, परीक्षक कांहीं माठ घेऊन पाहायला बसत नाहींत!’ आम्ही तेथें चहा घेत बसलों होतों. आम्ही कांहींच बोललों नाहीं.

वस्तुतः मुलगी चुकली नव्हती. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, म्हणून माठ गार. पण हवाच आधीं बाष्पानें जड झालेली असली, तर तें पाणी उडावें तरी किती? वैशाखांतल्या नागपुरास जो माठ दांत शिवशिववितो, तोच श्रावणांतल्या मुंबईस सुस्त बसतो. हें सारें त्या एका अंशांत दडलेलें होतें. ‘एकच कां?’ एवढें जरी कोणी विचारलें असतें तरी मुलगी तेथवर पोंचली असती. वडिलांनीं पुसली ती चूक नव्हे. त्यांनीं तिचा शोध पुसला.

शास्त्राचा इतिहास अशा न पुसलेल्या आंकड्यांनीं घडला आहे. इंग्लंडांत लॉर्ड रॅले यांना हवेंतून मिळविलेला नत्रवायु रासायनिक द्रव्यांपासून मिळविलेल्या नत्रवायूपेक्षां किंचित् जड भरूं लागला. १८९२ सालीं त्यांनीं ‘नेचर’ पत्रांत तो फरक उघडपणें मांडून इतरांस कारण विचारलें. पुढें आणखी प्रयोग केले, तों फरक जाण्याऐवजीं वाढला, आणि शेंकडा सुमारें अर्धा ठरला. एवढ्याशा फरकाकडे डोळेझांक करणें किती सोपें होतें! त्यांनीं ती केली नाहीं, म्हणूनच १८९४ सालीं रॅमझे यांच्या साहाय्यानें हवेंतला आर्गॉन वायु सांपडला. आणि १९०४ सालीं रॅले यांना पदार्थविज्ञानाचें व रॅमझे यांना रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कोणी म्हणेल, रॅले कोठें आणि सहावींतली पोर कोठें! शिवाय आईबापांनीं मुलाला मदतहि करूं नये काय? अवश्य करावी. तापमापक कसा धरावा, दोन्ही भांड्यांत पाणी सारखें मोजून कसें घ्यावें, हें दाखवावें. उत्तर विचित्र वाटलें तर ‘पुन्हां एकदां पाहा’ म्हणावें. मुलाला अधिक नीट दिसावें म्हणून केलेली ती मदत. त्यानें पाहिलेलें काढून त्या जागीं आपलें ठेवणें, ही मदत नव्हे. शिवाय ज्याच्या घरीं वही सुधारणारें कोणी नाहीं, त्या मुलाचा खरा एक अंश आमच्या मुलाच्या खोट्या पांच अंशांशेजारीं मांडला जातो, याचा विचार कोणी करावयाचा?

हें पाप आईबाप दुष्टपणानें करीत नाहींत, मायेनेंच करितात, हें आम्ही जाणतों. बक्षिसें थोडीं व मुलें पुष्कळ. आपलें मूल मागें पडूं नये असें कोणास वाटत नाहीं? परीक्षकांनीं ‘तुझी अपेक्षा काय होती व दिसलें काय?’ असें विचारून फसलेल्या प्रयोगाच्या प्रामाणिक नोंदीसहि गुण दिले, तर हा मोह पुष्कळच कमी होईल. पण परीक्षक वर्षांतून एकदां भेटतात. घर रोजचें असतें.

त्या मुलीला बक्षीस मिळालें. प्रशस्तिपत्र स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत लावलेलें आहे. तें पाहिलें कीं वडिलांपेक्षां आम्हांस आमचाच राग येतो. त्यांच्या हातांत रबर होतें. आमच्या हातांत नुसता चहाचा पेला होता. तो खालीं ठेवून ‘राहूं द्या, एकच राहूं द्या’ एवढें म्हणावयास आम्हांस काय झालें होतें?