ओसरीवरचा पाहुणा आणि कोठीची किल्ली

बालाघाटच्या आमच्या जुन्या घरी दिवाळीची झाडलोट निघाली की कोठीच्या खोलीतून एक गोष्ट दरवर्षी बाहेर येते. आजोबा एका मालगुजाराचे मुखत्यार होते. मालगुजारी १९५१ साली संपली. गोष्ट मात्र घरात राहिली. कोठीची किल्ली आजोबांच्या कमरेला असे. एकदा ओसरीवर बसलेल्या एका पाहुण्याने गोड बोलून त्यांच्या हाती कागद दिला : "मुखत्यारसाहेब, एवढा आतल्या बस्त्यात ठेवून द्या." आजोबांनी ठेवला. पुढे तोच कागद मालगुजाराच्या दप्तरातला म्हणून कचेरीत दाखवला गेला आणि एका कुळाची दोन एकर धानाची जमीन गेली.

आजोबा चोर नव्हते, लाचखाऊ तर मुळीच नव्हते. कोठीत पाऊल टाकण्याचा अधिकार पाहुण्याला नव्हता, आजोबांना होता. पाहुण्याने त्यांचे पाय वापरले, एवढेच. मग दोष कोणाचा? आजी म्हणायची, "किल्ली ज्याच्या कमरेला, पाप त्याच्या माथी." आजोबा यावर काही बोलत नसत.

ही गोष्ट नव्याने आठवली ती माझ्या भाच्यामुळे. २०१३ साली शहरात त्याचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान होते. जंगलखात्याचे, रस्त्यांचे ठेकेदार त्याच्याकडून टेंडरे भरून घेत. एका संध्याकाळी तो घरी आला तोच चिंतेत. "मामा, जावा नवी करावी की जुनीच ठेवावी? नवी केली तर एका खात्याची साइट चालत नाही. जुनी ठेवली तर दार उघडे राहते."

दार उघडे म्हणजे काय, हे त्याने मला समजावले, ते असे. जावा ही संगणकाची एक भाषा. तिच्यात लिहिलेला मजकूर चालवणारी एक यंत्रणा संगणकात बसवलेली असते. इंटरनेटवरून आलेला परका मजकूर या यंत्रणेने ओसरीवरच बसवायचा, माजघरात येऊ द्यायचा नाही, अशी मूळ योजना. फाइल उघडायची, काही पुसायचे, तर आतला रखवालदार विचारतो, "हे काम कोणी सांगितले? आणि त्याला कोणी सांगितले?" साखळीत एकही परका निघाला की नकार. पण घरच्याच काही विश्वासू नोकरांना सवलत होती : "माझ्यामागे कोण आहे ते विचारू नका, हे मी माझ्या जबाबदारीवर करतो." आणि काही दारांवरचा रखवालदार फक्त समोर उभ्या असलेल्यालाच ओळख विचारी.

२०१२च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आलेली फट नेमकी इथलीच. जावाच्या सातव्या आवृत्तीत घरचेच दोन नोकर असे निघाले, की परक्याने सांगितलेले काम ते स्वतःच्या नावावर करून देत. ओसरीवरच्या पाहुण्याने त्यांच्याकरवी आधी आतली किल्ली मागवली आणि मग रखवालदारालाच सुट्टी देऊन टाकली. वाचकहो, यात कोणी कुलूप फोडले नाही. आमच्या आजोबांचीच ही गोष्ट!

संगणकाच्या जगाला हा प्रकार नवा नव्हता. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एका लेखात असाच किस्सा सांगितला आहे. फोरट्रान भाषेचा एक कंपायलर होता. स्वतःच्या वापराची नोंद करण्यासाठी त्याला एका राखीव कप्प्यात लिहिण्याची परवानगी दिलेली होती. त्याच कप्प्यात बिलांची फाइल होती. कोणीतरी आपला निकाल लिहिण्याची जागा म्हणून त्या फाइलचे नाव दिले. कंपायलरने निमूटपणे बिलांवर लिहून टाकले. हार्डींनी या बिचाऱ्याला गोंधळलेला मुखत्यार अशा अर्थाचे नाव दिले. दोन धन्यांची कामे एका हाताने करताना कोणते काम कोणाच्या अधिकाराने चालले आहे, याचा त्याला विसर पडला होता.

आता नीतीचा प्रश्न. फट सापडली तर सांगावी की झाकावी? पोलंडच्या अ‍ॅडम गोवडियाक यांनी या फटी एप्रिल २०१२ मध्येच ओरॅकल कंपनीला गुपचूप कळवल्या होत्या. कंपनीची दुरुस्ती ठरल्या वेळापत्रकाने, चार-चार महिन्यांनी निघे; पुढची पाळी ऑक्टोबरची होती. चोरांनी पंचांग पाहिले नाही. ऑगस्टमध्ये हल्ले सुरू झाले, तेव्हा ३० तारखेला घाईने ठिगळ आले, आणि दुसऱ्याच दिवशी गोवडियाक यांनी त्यातही उणीव असल्याचे कळवले. जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा नवी फट निघाली, १३ तारखेला पुन्हा दुरुस्ती झाली. तरीही अमेरिकन सरकारचा सल्ला असा, की गरज नसेल तर ब्राउझरमधली जावा बंदच ठेवा.

कोणी म्हणेल, गुप्तता पाळली हे चुकले. मला तसे वाटत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीला भोक दिसले तर आधी शेजाऱ्यालाच सांगावे, चव्हाट्यावर ओरडू नये. पण ऐकणाऱ्यावरही मग एक ऋण चढते. सांगणाऱ्याचे मौन ही त्याने दिलेली मुदत असते. आपल्या सोयीने वापरायची ठेव नव्हे. आणि ठिगळ आल्यावर ते न लावणाऱ्याचे काय? ठिगळ आले की भोक कुठे होते ते साऱ्या गावाला कळते. त्या दिवसापासून लावणाऱ्याचे घर सुरक्षित होते, न लावणाऱ्याचे आणखी उघडे पडते.

भाच्याला हे पटत होते. पण टेंडरची शेवटची तारीख जवळ आली होती आणि ठेकेदारांच्या हाताखाली मजूर होते. मी विचारले, "फटीतून कोणी आत आलाच, तर त्याला तुझ्याकडे मिळेल काय?" तो थबकला. मग टेबलाचा खण उघडावा तसे त्याने सांगितले. ठेकेदारांच्या डिजिटल सहीच्या चाव्या त्याच्याकडेच पडून असत, आणि प्रत्येकीचा पिन वहीत लिहिलेला. "भैया, तुम ही रख लो," म्हणून ते निर्धास्त होत. म्हणजे वीसेक माणसांची सही या पोराच्या खणात! खरा मुखत्यार आमच्या घरातच जन्मला होता.

त्या रात्री आम्ही जे ठरवले ते फार मोठे नव्हते. एक जुना संगणक त्या एकाच साइटसाठी वेगळा ठेवायचा, त्यावर दुसरे काही उघडायचे नाही. बाकी सगळीकडे नवी जावा घालायची. आणि चाव्या ज्याच्या त्याला परत. सही करायची तर मालकाने स्वतः येऊन पिन घालावा. ठेकेदार रागावले. चारपाच जण बाजूच्या दुकानात गेले, तिथे कोणी काही विचारत नसे. त्या वर्षी भाच्याची दिवाळी बेताचीच झाली.

पुढे ब्राउझरांनी जावाचे ते आप्लेट चालवणेच सोडले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावाच्या चोविसाव्या आवृत्तीत तो आतला रखवालदारही कायमचा निवृत्त झाला. परक्याला आत बसवून त्याच्यावर पहारा ठेवण्यापेक्षा मधली भिंतच पक्की बांधावी, असा अनुभवाचा निष्कर्ष.

विश्वास ठेवू नये, असे मला म्हणायचे नाही. आमची सीमेवरची घरे दोन भाषांच्या शेजारधर्मावरच उभी आहेत. पण विश्वास आणि किल्ली या दोन वस्तू वेगळ्या आहेत. माणसावर पूर्ण विश्वास असावा, आणि किल्ली मात्र कामापुरतीच द्यावी. त्यात त्याचा अपमान नाही, उलट त्याचे रक्षणच आहे. आजोबांच्या कमरेला ती एक किल्ली नसती, तर त्यांचे म्हातारपण असे गप्प गेले नसते. आणि त्या कुळाची दोन एकर? त्या बांधावरून जाताना मी अजूनही मान खाली घालतो.