कानांची साक्ष

न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगू नये, हे कोणासही पटवून द्यावे लागत नाही. परंतु ज्या गोष्टीला आपल्याखेरीज दुसरा साक्षीदारच नसतो, म्हणजे आपल्या कानांना काय ऐकू आले, जिभेला काय चव लागली, तेथे मात्र आपण फार सैल होतो. बैठकीत चौघांनी 'वाहवा' म्हटले की पाचव्याची मान आपोआप डोलते. हे डोलणे असत्यात मोडते काय? आणि मोडत असल्यास त्याने कोणाचे काय बिघडते? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण गेल्या महिन्यात तो माझ्यापुढे रुपयांच्या आकड्यांसह उभा राहिला.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी आळी त्यांना काका म्हणते. गाण्याचे त्यांना वेड. कुमार गंधर्वांना त्यांनी अनेकदा समक्ष ऐकले आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून उत्तम स्पीकरांची एक जोडी घ्यावी, ही त्यांची जुनी इच्छा. त्यासाठी ते येथील, इंदुरातील, एका हाय-फाय दुकानात मला सोबत घेऊन गेले. "तुझे कान तरुण आहेत. ऐक आणि खरे काय ते सांग," एवढीच त्यांची आज्ञा होती.

दुकानाच्या आतल्या खोलीत जाड गालिचा, भिंतींवर पडदे आणि मध्यभागी एकच खुर्ची होती. दुकानदार सभ्य गृहस्थ. त्यांनी कसलीही घाई केली नाही. प्रथम साठ हजारांची जोडी लावली, नंतर सहा लाखांची. दोन्ही वेळा किंमत आधी सांगितली आणि स्वर मागाहून ऐकवला. काकांनी कुमारांचे निर्गुणी भजन निवडले होते. त्यात एक गोष्ट घरच्या लहान यंत्रावर कधीच जाणवली नव्हती, ती येथे स्पष्ट ऐकू आली : दोन स्वरावलींच्या मधला श्वास. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा गायक १९४८ मध्ये क्षयाने ग्रस्त होऊन हवापालटासाठी माळव्यात, देवासला आला आणि पुढची काही वर्षे त्याला गाण्याची बंदी होती, हे ठाऊक असल्यावर तो श्वास नुसता ध्वनी राहत नाही. हाय-फाय हे 'हाय फिडेलिटी'चे संक्षिप्त रूप. फिडेलिटी म्हणजे इमान. यंत्राने गायकाचा श्वासही गाळू नये, हे ते इमान. मात्र हा श्वास मला दोन्ही जोड्यांवर सारखाच ऐकू आला, हे येथेच नमूद करतो.

दुसरी जोडी वाजू लागताच काकांचे डोळे पाणावले. "कळला ना रे फरक?" त्यांनी विचारले. दुकानदारही माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "काका, डग्गा अधिक भरदार वाटला, पण या खेपेस आवाजही थोडा मोठा होता. याहून जास्त मला काही कळले नाही."

आवाज मोठा असणे ही किरकोळ बाब नव्हे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, मंद आवाजात आपला कान खर्जातले स्वर फार कमी टिपतो आणि आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणून दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच श्रेष्ठ भासतो. डोळ्यांची ढवळाढवळ तर याहून मोठी. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर पाहून ऐकत होते. दिसायला लहान व स्वस्त अशा संचाला पडद्याआड चांगले गुण मिळाले. तो दृष्टीस पडताच ते घसरले. त्यांचे कान तेच होते आणि खोलीही तीच होती.

याहून नवलाची गोष्ट एडिसनच्या फोनोग्राफची. १९१५ पासून दहा वर्षे अमेरिकेत या यंत्राचे जाहीर प्रयोग होत. मंचावर गायिका आणि शेजारी यंत्र. मध्येच दिवे मालवीत आणि आता गाते ती बाई की यंत्र, हे श्रोत्यांना ओळखता येत नसे. अ‍ॅना केस या गायिकेने पुढे सांगितले की, आपण आपला आवाजच यंत्रासारखा करून गात होतो. यंत्राने माणसाशी इमान राखावे ते राहिले बाजूला, माणूसच यंत्राशी इमान राखून उभा! श्रोते मात्र जे ऐकले तेच खरेपणाने सांगत होते. त्यांना खोटे कसे म्हणावे?

आपल्या नैयायिकांनी या जागी बारीक विचार केला आहे. न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाला 'अव्यपदेश्य' असे एक विशेषण लावले आहे. ते शब्दाने, नावाने घडलेले नसावे, असा त्याचा एक अर्थ टीकाकार करतात. सहा लाख हाही एक शब्दच. तो आधी कानात शिरला की मागाहून येणारा स्वर कितपत प्रत्यक्ष राहतो? त्याचबरोबर दुसरी बाजूही सांभाळली पाहिजे. उजेडात घागर दिसली नाही तर ती नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. माझा कान शिकलेला नाही. म्हणून 'मला फरक कळला नाही' एवढेच म्हणण्याचा मला अधिकार होता. 'फरक नाहीच' असे म्हटले असते तर तीही खोटी साक्षच झाली असती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला वजनदार वाटतो. काका सत्तरीचे, आनंद झाला होता, तो होऊ द्यावा. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. त्यावर विरजण घालणारा मी कोण? माझे उत्तर असे की, आनंदाला माझी हरकत नाही. त्या जोडीचे शिसवी लाकूड मलाही भुरळ घालीत होते, आणि सुंदर वस्तू घरात असावी ही इच्छा काही पाप नव्हे. मात्र डोळ्यांचे सुख कानांच्या खाती मांडू नये. काकांनी न विचारता मी बोललो असतो तर तो आगाऊपणा ठरता. पण त्यांनी विचारले होते, आणि पैसे त्यांच्या म्हातारपणाचे होते.

एक गोष्ट मात्र दुकानात बोललो नाही. दुकानदार सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच्या बारीक ध्वनीची वाखाणणी करीत होते. तरुण कानाची मर्यादा तेवढीच असते आणि वयाबरोबर ती वरून खाली येत जाते. सत्तरीच्या माणसाला त्यातला वरचा भाग सहसा ऐकू येत नाही. हे परक्यादेखत सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. परतताना रिक्षात सांगितले. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जे मला ऐकू येणार नाही त्याचेही पैसे द्यायचे होते म्हण की!" आणि मोठ्याने हसले.

दुकानदारांनी साठ हजारांची जोडी आठवडाभर घरी वापरून पाहण्यास दिली आहे. काकांच्या खोलीत गालिचा नाही, शहाबादी फरशी आहे. स्पीकर कोपऱ्यात ठेवले की डग्गा घुमतो आणि भिंतीपासून पुढे ओढले की कपाटाचे दार उघडत नाही. रोज संध्याकाळी ते मला हाक मारतात, पाठ करून बसवतात आणि त्यांची जागा वीतभर बदलून विचारतात, "आता?"