नांगर पक्का, पिंप रिकामे

(इब्री लोकांस पत्र 6:19)

सुरतेस तापीच्या पात्रात भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी चढते. ते शहराच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून 1995 साली सिंगणपोर येथे बंधारा झाला. वर गोडे पाणी, खाली खारे; नदी एकच.

खालच्या अंगास नांगरलेल्या होडीची स्थिती पाहा. दोर बळकट, नांगर रुतलेला, भोवती पाणीच पाणी. पण तांडेलाला त्यातले ओंजळभरही पिता येत नाही. गोडे पाणी किनाऱ्यावर पिंपात भरून लहान होडक्याने न्यावे लागते, तेही भरती पाहून. ओहोटीला चिखल आडवा येतो. सतराव्या शतकात सुवालीस थांबणाऱ्या मोठ्या गलबतांनाही पाणी जमिनीवरूनच घ्यावे लागे.

इब्री पत्राचा लेखक आशेला जिवाचा नांगर म्हणतो. आम्हां मंडळीच्या लोकांना हे वचन फार प्रिय आहे. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, वर्गणी भरली. आता होडी वाहून जाणार नाही, असे आम्ही मानतो. पण नांगराने तहान भागत नाही. (नांगर बदलून पाहणारेही आमच्यात आहेत, मंडळी बदलते, तहान तीच राहते.) शोमरोनी स्त्रीलाही घागर घेऊन विहिरीपर्यंत चालत जावे लागले. प्रभू मात्र तेथे तिच्या आधीच येऊन बसला होता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गातल्या लेकरांना अजून होडके वल्हवता येत नाही. रविवारी सकाळी ती आपल्या पिंपाकडे पाहतात. शनिवारी रात्री आपण ते भरले होते काय?