ब्राऊनचे घर

घाई सोडा. स्ट्रासबूर्गच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात, एका कोपऱ्यावर काळसर लाकडाचे उंच घर आहे. मेझों कामेरझेल. पाहुण्यांचे डोळे थेट वरच्या नक्षीकडे धावतात. तुम्ही नजर आधी तळमजल्यावर टेका.

तो दगडी आहे, १४६७ सालचा. त्याच्या कमानींपाशी थोडे रेंगाळा. वरचा सगळा भार अखेर इथेच उतरतो.

आता सावकाश वर या. हे लाकूडकाम १५८९ सालचे. मार्टिन ब्राऊन या चीजच्या व्यापाऱ्याने जुना दगडी मजला ठेवला आणि त्यावर आपले मजले चढवले. त्यात काटकसर असेल, आदर असेल. मला हा निर्णय नक्षीइतकाच सुंदर वाटतो. एकशे बावीस वर्षांपूर्वीच्या गवंड्यावर त्याने विश्वास टाकला.

एक उभा खांब निवडा. त्यावरची आडवी तुळई पाहा, मग सांगाडा तिरका होऊ नये म्हणून दिलेले आधार. अशा घरात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवतात आणि आरपार लाकडी खुंटी ठोकतात. भार सांगाडा वाहतो, मधल्या भिंतीला काहीच पेलायचे नसते. म्हणूनच ब्राऊनला तिथे खिडक्या मांडता आल्या, तब्बल ७५! बाटलीच्या बुडासारख्या गोल काचांच्या त्या ओळींवरून नजर हळूहळू फिरू द्या. इतका उजेड घरात आला तो खांबांनी भार उचलला म्हणून.

आणि या लाकडावरच कोरीवकाम आहे. सीझर, शार्लमेन, वाद्ये वाजवणारे, राशी, पाच इंद्रिये, माणसाच्या वयाचे टप्पे. सगळे पाहू नका. वयाच्या टप्प्यांपाशी थांबा आणि आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते शोधा. मागे राहिलेल्या टप्प्याकडे पाहा, पुढच्याकडेही. उत्तराची गरज नाही, दोन-चार श्वास तिथेच राहा.

कामेरझेल हा एकोणिसाव्या शतकातला किराणा व्यापारी. घराला नाव त्याचे राहिले, बांधणाऱ्याचे नाही. याची खंत वाटते का, स्वतःला विचारा. मला वाटते, म्हणून शीर्षकात ब्राऊनचे नाव मुद्दाम घातले आहे.