कावळा, फांदी आणि फ्यूज

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, ही म्हण मी वर्गात किमान तीस वर्षे शिकवली. कावळ्याचा दोष नसतो, फांदी आधीच कुजलेली असते, एवढे सांगायचे, 'वाक्यात उपयोग करा' म्हणायचे आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे. त्या कावळ्याचे पुढे काय झाले, हे मला कोणी विचारले नाही. गेल्या उन्हाळ्यात एका मेलेल्या यंत्राने ते विचारले.

शाळेतल्या डेड स्टॉकचे अपलेखन चालू होते. मोडकी बाके आणि गंजलेल्या तराजूंच्या मागून एक बीबीसी मायक्रो संगणक निघाला. बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी इंग्लंडातल्या अ‍ॅकॉर्न कंपनीने तो १९८१ च्या डिसेंबरात आणला. आपल्या केंद्र सरकारने १९८४-८५ साली 'क्लास' नावाची योजना काढली आणि प्रारंभी सुमारे २५० शाळांतून हेच यंत्र पोहोचवले. पुढे योजनेत आणखी शाळा आल्या. स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज मनगटावरच्या घड्याळातही याहून जास्त असते. पण आमच्या वारासिवनीत लोक चपला बाहेर काढून ते पाहायला येत असत.

रजिस्टर उघडले. यंत्राच्या नोंदीपुढे शेरा होता : 'छात्र की असावधानी से खराब. १९९५.' अक्षर माझे. (१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरात पोवारी नाहीतर मराठी, आणि शेरे मात्र हिंदीत.)

मी तेव्हा अठ्ठाविशीतला शिक्षक. नववीतला एक मुलगा, विणकराच्या घरचा. त्याने मागचे बटण दाबले, 'फट्' असा आवाज झाला, पांढरा धूर आणि उग्र वास खोलीभर पसरला. मी फ्यूज बदलला, तोही उडाला. मी सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मुलाच्या वडिलांना बोलावून घेतले. ते मागावरून उठून आले आणि हात जोडून उभे राहिले. मी दंड माफ केला आणि त्या औदार्याचे मला बरेच दिवस कौतुक वाटत राहिले. मुलाला मात्र वर्षभर संगणकाच्या तासाला खोलीबाहेर बसवले.

भंगारात देण्यापूर्वी यंत्र एकदा उघडून पाहावे, असे का वाटले ते सांगता येत नाही. गावातल्या जुन्या टीव्ही-मेकॅनिकला बोलावले. फ्यूज उडालेला आहे, मी म्हणालो. तो म्हणाला, "गुरुजी, फ्यूज गेला हे तर दिसूनच राहिलं. तो कशापायी गेला, ते पाहा ना!"

त्याने घाई केली नाही. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच दबा धरून राहू शकतो; म्हणून चालू करून पाहिल्यावर दर वेळी आधी तो रिकामा करायचा, मग हात लावायचा. फ्यूज जाडा घालायचा नाही. त्याऐवजी वाटेत १०० वॅटचा साधा बल्ब जोडायचा. बल्ब पूर्ण पेटला, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. तो पूर्ण पेटला. मग पुरवठ्याच्या पेटीपासून मुख्य बोर्ड सोडवला; बल्ब तसाच. म्हणजे दोष पेटीतच. मग संशयित भागांचा एकेक पाय सोडवत गेला. नैयायिकांनी ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटले तेच हे : असता होते, नसता होत नाही. आमच्या एम.ए.च्या वर्गात ते घोकून झाले होते, सोल्डरिंगच्या धुरात प्रथमच पाहिले.

वाटाण्याच्या शेंगेएवढाही नसलेला एक कपॅसिटर सोडवताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला. मुख्य बोर्ड परत जोडला. मीटरवर ५ व्होल्ट दिसले आणि यंत्राने तो ओळखीचा दुहेरी सूर काढला. मला खुर्चीवर बसावे लागले.

तो कपॅसिटर वीजवाहिनीवरच्या खरखरीला आवर घालण्यासाठी असतो. आत कागद, वर पिवळसर पारदर्शक कवच. कवचाला वयाने केसासारख्या भेगा पडतात, त्यातून ओल शिरते, कागद ती धरून ठेवतो. आमच्याकडचे पावसाळे तुम्हाला ठाऊकच आहेत. अशा कपॅसिटरला मग एक दिवस फुटायचेच असते. बटणावर बोट कोणाचे, एवढाच प्रश्न शिल्लक.

न्यायशास्त्रात घडा तयार होण्याची कारणे मोजताना कुंभाराच्या गाढवाला बाजूला काढतात. माती त्याच्या पाठीवरून आली खरी, पण ते घड्याचे कारण नव्हे. हे मला १९९५ सालीही पाठ होते. डोळ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. बोट पाहिले, धूर पाहिला. दोहोंमधला 'म्हणून' मात्र मी माझ्या पदरचा घातला.

इथवर चूक ज्ञानाची आहे, तिला क्षमा असावी. पण मला दुसरेच काही टोचते. त्याच्या आदल्या आठवड्यात तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तेच बटण दाबले होते, दोन वेळा. कपॅसिटर तेव्हा फुटला असता, तर मी 'अधिकारी की असावधानी से' असे लिहिले असते काय? नसते लिहिले. 'यंत्र पुराना था' असे लिहिले असते आणि ते खरेही ठरले असते. म्हणजे योग्य उत्तर मला सुचू शकत होते. ते समोर कोण उभा आहे, यावर अवलंबून होते. शिवाय मुलाने खरोखरच काही चुकीचे केले असते, तरी वर्षभर दाराबाहेर बसवण्याला शिक्षण म्हणता आले असते का? याही प्रश्नाला कपॅसिटर सापडल्याने उत्तर मिळत नाही.

सरकारी नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली तारीख घालून दुरुस्तीचा शेरा लिहिला, सही केली. मग त्या मुलाचा ठावठिकाणा काढून फोन केला. तो आता नागपूरला असतो, त्याची मुलगी बारावीत आहे. मी सगळे सविस्तर सांगितले, कपॅसिटरसुद्धा. त्याने शांतपणे ऐकून घेतले. संगणक त्याला नीट आठवत नव्हता.

"बाबा शाळेत आले होते ना गुरुजी, ते आठवते," तो म्हणाला. वडील कसे आहेत, असे मी विचारले. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.